प्रमाण

अकरा सांधे हवे होते,
एकाच हाताचे, एकाच पाळीतले,
एकाच रिळाच्या तारेचे.
राइलीला बोलावलं.
हेल्मेट वर सरकवून तिने विचारलं,
"चांगले करू, की नेहमीसारखे?"
नेहमीसारखे, मी म्हणालो.
ती हसली. का, ते तेव्हा कळलं नाही.

बाहेर सेइनायोकीचा जानेवारी,
दुपारी तीनलाच दिवेलागण, उणे सव्वीस.
प्लेटा आदल्या रात्रीच आत घेतल्या होत्या
गोठ्यात गुरं घ्यावीत तशा,
कारण गारठलेलं पोलाद
ठिणगीला दारात उभं करत नाही.

ट्रॅक्टरच्या लोडरचा हात,
त्या हाताचं कोपर,
आणि कोपरातला हा जोड:
शेणखताचा सगळा भार
शेवटी इथेच येऊन बसतो.

दहा सांधे आम्ही कापले.
करवत, मग घासकागद, बारीक, आणखी बारीक,
पोलादात माझी दाढी दिसेपर्यंत.
मग आम्लाचा बोळा फिरवला,
आणि नखाच्या मुळाशी असते तशी
एक फिकट कोर उमटली:
तार जिथवर आत गेली, तिथवर.
दोन पूर्णांक एक मिलिमीटर. दोन पूर्णांक तीन.
पुन्हा दोन पूर्णांक एक.

सांधा चांगला होता हे
कापल्यावर कळतं,
आणि कापल्यावर सांधा उरत नाही.
अहवालात हे लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

यालमारीने दहाही रेषा पडद्यावर
एकीवर एक अंथरल्या.
विजेच्या रेषा, अँपिअरमध्ये.
वर एक हद्द, खाली एक हद्द,
मधल्या पट्ट्यात राहील तो सांधा पास.
पट्टा किती रुंद, यावर आम्ही तीन दिवस भांडलो.
जुन्या कारखान्यात मी अरुंद ठेवला होता;
दिवा इतक्यांदा लाल व्हायचा
की कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली,
आणि सगळे सुखाने काम करू लागले.
रुंद ठेवावा, तर काय वाट्टेल ते आत शिरतं.

आणि अकराव्या सेकंदाला
प्रत्येक रेषेत एक खळगा.
दहाच्या दहा. तिथेच.
राइली म्हणाली, "कोपऱ्यावर मी गुडघा बदलते.
डावा. बर्फावर पडले होते एकदा."
"म्हणजे गोंगाट," यालमारी म्हणाला,
आणि माउसच्या एका ओढीत
तिचा गुडघा सपाट केला.

चौथ्या कक्षातला रोबो त्या गुळगुळीत रेषेवर शिकला.
सांधे असे, की बोट फिरवत राहावं.
दिवा हिरवा, सगळा आठवडा हिरवा.
शुक्रवारी सहज एक कापला.
कोपऱ्यावर केसाएवढी काळी रेघ:
तिथे काहीच वितळलं नव्हतं, नुसतं टेकलं होतं.
पोलादाचंच पितळ उघडं पडलं.

खळगा परत घातला.
आता ज्याला गुडघाच नाही असा तो रोबो
दर कोपऱ्यावर अर्धा सेकंद थांबतो,
आणि मगच वळतो.
यालमारी ते बघायला जात नाही.

जूनमध्ये राइली निवृत्त झाली.
केक कापला, कॉफी झाली, बोलण्यासारखं कुणीच बोललं नाही.
जाताना तिला मी फळीवरचा अकरावा दाखवला,
न कापलेला, पिवळ्या चिठ्ठीचा: प्रमाण.
तिने तो उलटा करून पाहिला.
"हा होय? हा करताना
घरी सौना चालूच राहिला की काय,
एवढंच डोक्यात होतं."
"मग? राहिला होता?"
"नाही," म्हणाली, आणि कोट घातला.

गिऱ्हाईक आलं की मी तो काढून देतो.
जड आहे. बाहेरून देखणा.
लोक मान डोलावतात, फोटो काढतात.
करवत पलीकडच्याच टेबलावर असते.